पुढून 997, मागून 996

मेस्त्री डिकीत वाकलाय. या गाडीची डिकी पुढे. इंजिन पार मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे. गालिचा बाजूला सारून तो कोपऱ्यातल्या भोकात पाना घालतो, अर्धा फेरा देतो. आत खट् वाजतं आणि डावीकडचा अख्खा हेडलाइट सरकत पुढे येतो. वायरी सोडवायची भानगड नाही, प्लग आतल्या खाचेतच राहतो. मुख्य दिवा, अप्पर, इंडिकेटर, फॉग लॅम्प, सगळं एकाच पारदर्शक आवरणाखाली. खालच्या बाजूला नारिंगी पट्टा ओघळल्यासारखा.

"हाच तो हाफ फ्राय," मावसभाऊ म्हणतो. "दादा, नीट धर, जड आहे."

खरंच जड आहे. आणि हातात घेतल्यावर मला तरी तो कुरूप वाटत नाही. पण हे इथे बोलायची सोय नाही.

आम्ही लुडविग्सबुर्गच्या कडेला एका शेडमध्ये उभे आहोत. पोर्शेचा त्सुफेनहाउझेनचा कारखाना इथून दहा-बारा किलोमीटरवर. मावसभाऊ मूळचा चिंचवडचा, नोकरीमुळे स्टुटगार्टकर झालेला. त्याची गाडी 1999 सालची 911, कारखान्याच्या भाषेत 996. इंजिन 3.4 लिटरचं, ताकद 300 अश्वशक्ती, रंग चंदेरी. डोळ्यांमुळे बदनाम, म्हणून त्याच्या खिशाला परवडली. आणि आता तेच डोळे काढायला तो महिन्याचा पगार घालवतोय. त्याला समोरून 997 हवी आहे, म्हणजे त्यानंतरची 911, 2004 साली आलेली.

996 च्या या चेहऱ्याला कारण होतं. 1986 साली वर्षाला 50 हजारांवर गाड्या विकणारी पोर्शे 1993 पर्यंत 15 हजारांच्या आसपास घसरली होती. कंपनी राहते की जाते अशी वेळ. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हातात घेतली, जपानी सल्लागार बोलावले आणि खर्चाला कात्री लावली. 1996 ची स्वस्त बॉक्स्टर आणि 1997 ची महाग 911 या दोघींना दारं, पुढची मडगार्डं आणि दिवे एकच दिले. चार दिव्यांचा एक डबा केला म्हणजे जोडणीचा वेळ वाचतो. कंपनी वाचली. पण भरपूर पैसे मोजून 911 घेणाऱ्याला आरशात मागून येणारी बॉक्स्टर आपल्याच गाडीसारखी दिसायला लागली, हे त्यानं काही माफ केलं नाही. शिवाय पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनाची ही पहिलीच 911. जुन्या भक्तांचा राग होताच, तो दिव्यांवर निघाला.

मग 997 मध्ये पोर्शेनं दिवे पुन्हा अंडाकृती केले, इंडिकेटर खाली बंपरमध्ये नेले. म्हणजे 1963 मध्ये फ्रँकफुर्टला पहिल्यांदा दिसला, त्या चेहऱ्याकडे परत. मावसभाऊ ज्याला नवं मॉडेल म्हणतोय, ते आजोबांचं नाक आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणतो, "म्हणूनच तर पाहिजे."

मेस्त्री साठीच्या पुढचा, कमी बोलणारा. भिंतीशी टेकवलेली, 997 च्या रूपाच्या किटमधली फायबरची मडगार्डं तो उचलून आणतो. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तेच, 2350 मिलिमीटर; म्हणून हा उद्योग निदान सुचतो तरी. रुंदीला मात्र 1765 आणि 1808 असा फरक. किटवाल्यानं त्यावर तोड काढली आहे: मडगार्डाचं पुढचं तोंड 997 चं, दाराकडची कड 996 ची. चित्रात ते बेमालूम दिसतं.

इथे दिसत नाही. मूळ पत्र्याचं मडगार्ड जिथून नटबोल्ट काढून उतरवलं, त्याच भोकांवर हे बसवलं तर दाराशी वर चार मिलिमीटरची फट, खाली सात. मेस्त्री बोट फिरवतो, पेन्सिलीनं रेघ मारतो, मडगार्ड उतरवतो, कानशीनं घासतो, परत चढवतो. आता वर पाच. परत उतरवतो. मावसभावाचा जीव वरखाली. "लांबी भरून नाही का होणार?" तो विचारतो. मेस्त्री त्याच्याकडे असं बघतो की मीच ओशाळतो. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाला लगेच हो म्हणाला असता आणि पहिल्या उन्हाळ्यात लांबी तडकली असती.

बंपर उतरल्यामुळे दोन्ही कोपऱ्यांतले रेडिएटर उघडे पडलेत. त्यांच्यासमोर वाळकी पानं, चिखल, एक चॉकलेटचा कागद. मेस्त्री ते हातानं उपसतो. नव्या बंपरची तोंडं वेगळ्या जागी आहेत. हवा नेमकी या जाळ्यांवर नाही आली तर इंजिन तापेल, म्हणून आतून पन्हळी जोडाव्या लागणार. इंडिकेटर खाली गेला, त्याच्या वायरी दिव्याच्या प्लगमधून काढून लांबवायच्या. एकूण किटमध्ये जे नाही तेच काम.

आणि मग ट्यूफ, म्हणजे गाडीची तांत्रिक तपासणी. जर्मनीत मंजुरीशिवाय असे बदल केले तर गाडी रस्त्यावर आणायचा परवानाच जातो. मेस्त्री नव्या दिव्यावरची मंजुरीची खूण, वर्तुळातली ई आणि 1, नखानं दाखवतो. झेनॉन घेतले असते तर धुण्याचे फवारे आणि उंची आपोआप जुळवणारी यंत्रणाही बसवावी लागली असती, म्हणून साधे हॅलोजनच. मागची बाजू तशीच राहणार. तिथला पत्रा वेल्डिंगचा आहे, त्याला हात लावायची मावसभावाची छाती नाही.

चहा नाही, कॉफी येते. तेवढ्यात शेडसमोर हिरवी बॉक्स्टर थांबते. चालवणारी पंचविशीची मुलगी. दगड लागून तिचा डावा दिवा तडकलाय. मावसभावानं जुने दिवे विकायचे म्हणून कळवलं होतं. ती परवानगी विचारते, आपल्याच टूलकिटमधला पाना काढते आणि आमचे कप रिकामे व्हायच्या आत 911 चा दिवा तिच्या गाडीत बसलेला असतो. लागतोही. फट कुठेच नाही. भिंतीशी टेकवलेली जुनी मडगार्डं तिच्या नजरेला पडतात.

"ही पण विकायची आहेत?"

मावसभाऊ हो म्हणायला तोंड उघडतो. गाडीखालून मेस्त्रीचा आवाज येतो. "काही विकायचं नाही. आधी ट्यूफ पास होऊ दे. नापास झालात तर परत काय लावणार?"

मुलगी दिव्याकडे बघते, मावसभाऊ मेस्त्रीच्या बुटांकडे.

"ट्यूफ कधी आहे?"

"12 तारखेला."

"मी 13 ला येते," म्हणत ती दिवा परत काढायला लागते.