थंड पडलेले तळवे

बालाघाटच्या डोंगरात बांधावरचा दगड हलवताना माणूस आधी पायाने ढकलतो, मग हात घालतो. सरपणाचा ढीग, उसाचं पाचट, पडक्या भिंतीची भेग, कुठेही विंचू निघतो. चावला की कळ डोक्यापर्यंत जाते, माणूस रात्रभर तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. बहुतेक वेळा गोष्ट एवढ्यावरच संपते. विंचू उतरवणाऱ्यांचं नाव गावोगाव टिकलं ते यामुळेच. आपोआप उतरणारं दुखणं त्यांच्या खाती जमा होत गेलं.

लाल विंचू असेल आणि चावलेलं लेकरू असेल, तर मात्र सगळं उलटं होतं. कळ फारशी नसते. घरच्यांना हायसं वाटतं. मग पोराला ओकाऱ्या सुरू होतात, दरदरून घाम फुटतो, अंगातली कापडं पिळून काढावीत इतका. हातपाय गार पडतात. काही तासांत धाप लागते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो आणि डोळ्यांदेखत पोर जातं. गंभीर झालेल्या अशा रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस एके काळी दगावत.

हे कोडं सोडवणारा डॉक्टर आपल्याच मराठवाड्यातला. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी घरातला मुलगा. नागपूरला एमबीबीएस झाले आणि १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू भरपूर. रात्रीबेरात्री घोंगडीत गुंडाळलेले रुग्ण येत. जी औषधं तेव्हा सांगितली जात, म्हणजे अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, ती देऊनही माणसं मरत होती.

बावस्करांनी पहिलं काम केलं ते खाटेजवळ बसून राहण्याचं. मला या शोधातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, हातापायांचा स्पर्श, सगळं टिपायचं. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. सुरुवातीला ओकारी, घाम, लाळ. त्यानंतर थंड हातपाय, चढलेला रक्तदाब, जोरात धडधडणारं हृदय. त्यानंतर फुप्फुसात पाणी. धोक्याची ही आधीची चिन्हं त्यांनी लिहून काढली आणि १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ने ती छापली. खेड्यातल्या दवाखान्यातली ती निरीक्षणं जगभरच्या डॉक्टरांपुढे गेली.

थंड हातपाय म्हटलं की आपल्याला थंडी आठवते. शेक द्यावा, पांघरूण घालावं, तळवे चोळावेत असं वाटतं. पण हा गारठा बाहेरचा नसतो. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं लवकर मिटू देत नाही. संदेश थांबतच नाहीत आणि शरीर अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं रक्तात ओतत राहतं. त्यामुळे कातडीपर्यंत जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ठिबकच्या नळीला पीळ पडावा, पुढं पाणी जाऊ नये आणि मागं मोटार घरघरत राहावी, तसं हृदयाचं होतं. तळवे गार पडतात कारण तिथवर रक्तच पोचत नाही. शेकाने त्यांची कातडी पोळेल, आवळलेली वाहिनी सुटणार नाही.

आणि आता सलाईनचा प्रश्न. ओकाऱ्यांनी आणि घामाने रुग्णाच्या अंगातलं पाणी गेलेलं असतं, जीभ कोरडी असते. डॉक्टरचा हात साहजिकच बाटलीकडे जातो. पण थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबून ते पाणी फुप्फुसात झिरपत असतं. अशा वेळी भरभर सोडलेली सलाईन बुडणाऱ्याच्या डोक्यावर घागर ओतावी तशी ठरते. एकच शरीर बाहेरून कोरडं आणि आतून भरलेलं. किती पाणी द्यायचं, किती वेगाने द्यायचं आणि कधी हात आखडायचा, यावर जीव टांगलेला असतो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बावस्करांनी ठरवलं की हृदयाला चाबूक मारण्यापेक्षा त्याच्यापुढची वाट मोकळी करायची. त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड होतं. ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं. मिनिटभरात रक्तवाहिन्या सैल होतात आणि थेंब थांबला की काही मिनिटांत परिणामही जातो. एक थेंब जास्त गेला तर रक्तदाब कोसळतो. उजेडाने हे औषध नासतं, म्हणून बाटली नि नळी काळ्या कागदात गुंडाळावी लागते. आज आयसीयूत हे काम इन्फ्युजन पंप करतो. तासाला किती मिलीलीटर ते आकड्यात घातलं की मशीन तेवढंच सोडतं, अडलं तर शिटी वाजवतं. त्या काळी तालुक्याच्या गावी सलाईनच्या नळीवरचं छोटं चाक, ते फिरवणारा अंगठा आणि मनगटावरचं घड्याळ हाच पंप. लहान मुलांच्या सेटमधून साठ थेंब पडले की एक मिलीलीटर होतो. डोळे त्या थेंबावर, एक हात चाकावर आणि दुसरा पोराच्या नाडीवर. फेसाने भरलेली छाती या उपायाने मोकळी होऊ लागली. पाण्यात गेलेली माणसं परत येऊ लागली.

पण प्रत्येक खाटेशेजारी असा डॉक्टर कुठून आणायचा? धारूरच्या घाटाखालच्या उपकेंद्रात रात्री दोन वाजता थेंब कोण मोजणार? हाच अडसर दूर करण्यासाठी बावस्कर प्राझोसिनकडे वळले. ही रक्तदाबाची गोळी आधीपासून बाजारात होती. अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं रक्तवाहिनीच्या ज्या कडीला धरून ती आवळतात, ती कडीच प्राझोसिन अडवतं. जे काम नायट्रोप्रुसाइड थेंबाने करत होतं, ते गोळी पोटातून करू लागली. पंप नको, काळा कागद नको. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा उपचार प्रसिद्ध झाला. पुढे तो सर्वत्र रुळला आणि मृत्यूंचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

गोळी किती वेळ द्यायची? दर तीन तासांनी, हातपाय उबदार आणि कोरडे होईपर्यंत. तापमान मोजणाऱ्या भारी यंत्रांचा मी आदर करतो. मोठ्या आयसीयूत पायाचा अंगठा आणि शरीराचा गाभा यांच्या तापमानातलं अंतर सेन्सर लावून मोजतात, त्यावरून रक्त टोकापर्यंत पोचतंय का ते कळतं. बिरवाडी-महाडला तेच माप हाताच्या तळव्याने घेतलं गेलं. नर्सला शिकवता येतं, आशाताईला शिकवता येतं, आईलाही शिकवता येतं. पोराच्या पायाला हात लावायचा. गार आहे की ऊब आली?

त्यानंतरही काम थांबलं नाही. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत त्यांनी विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देऊन पाहिलं. दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरले. हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. पण पाटोद्याच्या वाडीवरून किंवा कारखान्याच्या फडावरच्या कोपीतून तिथे पोचायला वेळ लागतो. तो वेळ फुकट जाऊ देऊ नका. विंचू चावलेल्या लेकराला घाम फुटला, ओकारी झाली, तळवे गार लागले, तर कळ थांबली म्हणून घरी थांबू नका. दोरी बांधू नका, चिरा घेऊ नका, उतरवणाऱ्याच्या दारी तास घालवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि प्राझोसिन आहे का ते विचारा. गोळी दिल्यावर पोराला कडेवर उचलून घेऊ नका, आडवंच ठेवा, कारण पहिल्या मात्रेनंतर उभं केलं तर रक्तदाब एकदम उतरतो. आणि डॉक्टर येईपर्यंत त्याच्या पायावर हात ठेवून बसा.