पात्राची स्तरवाढ (डन्जन्स अँड ड्रॅगन्स)
स्तरवाढ ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिकाभिनय खेळात पात्राची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत आहे. इ.स. १९७४ च्या मूळ नियमांत खजिन्यासाठीही अनुभवगुण मिळत; त्यामुळे लढाई टाळून धन आणणे फायद्याचे ठरे. इ.स. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गुण मुख्यतः शत्रूंवर मात केल्याने मिळतात. तीत २० स्तर असून दुसऱ्यासाठी ३००, तर विसाव्यासाठी एकूण ३,५५,००० गुण लागतात. पर्यायी पद्धतीत कथेचा महत्त्वाचा टप्पा पूर्ण झाल्यावर डन्जन मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, सर्व पात्रांचा स्तर एकदम वाढवतो. वाढ फार जलद झाल्यास खेळाडूंना नव्या क्षमता वापरून पाहण्यास अवधी उरत नाही. फार संथ झाल्यास प्रगती जाणवत नाही.