मनोरुग्णाचा केसपेपर

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात जो घडी घातलेला केसपेपर असतो, त्याचे आयुष्य बहुधा पुढच्या पावसाळ्यापर्यंतच असते. पडसे-खोकल्याच्या रुग्णाचे त्यावाचून फारसे अडत नाही. नवा कागद निघतो, डॉक्टर छातीला नळी लावतात आणि रोग आपली हकीकत स्वतःच सांगतो. मनोविकाराचे तसे नाही. तेथे रुग्णाची पूर्वपीठिका हाच निदानाचा मुख्य आधार असतो, आणि ती सांगणारा माणूस आजाराच्या भरात असला तर सांगण्याच्या स्थितीत नसतो. पहिला झटका कधी आला, कोणत्या गोळीने हात थरथरू लागले, कोणती सोडल्यावर झोप उडाली, हे सारे आईच्या नाहीतर पत्नीच्या आठवणीत साठलेले असते. ती सांगणारी व्यक्ती नाहीशी झाली की उपचार पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. संगणकीय आरोग्यनोंदींची निकड सर्वांत अधिक कोठे आहे असे कोणी विचारले, तर प्रस्तुत लेखक मनोरुग्णसेवेकडेच बोट दाखवील.

नोंद हा उपचाराचाच भाग कसा असतो, हे क्लोझापिन या औषधाच्या इतिहासावरून कळते. अन्य औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर ते गुणकारी आहे; परंतु क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी ते एकाएकी घटविते. १९७५ साली फिनलंडमध्ये यापायी रुग्ण दगावले आणि अनेक देशांत औषध मागे घेतले गेले. १९९० साली ते अमेरिकेत विक्रीस आले ते एका अटीवर : रक्ततपासणीची नोंद दाखविल्याखेरीज गोळ्या मिळणार नाहीत. औषध तेच होते, पण नोंदवहीची जोड मिळताच ते निर्धास्तपणे देता येऊ लागले. (नोंदणीची ही सक्ती अमेरिकेने २०२५ मध्ये उठविली, रक्ततपासणीची शिफारस मात्र कायम आहे.) लिथियमचेही असेच आहे. गुण येण्याची मात्रा आणि विषबाधेची मात्रा यांत अंतर थोडे असल्यामुळे रक्तातील त्याचे प्रमाण वरचेवर मोजावे लागते. सांधेदुखीवर किंवा रक्तदाबावर दुसऱ्याच डॉक्टरने दिलेली काही औषधे हे प्रमाण वाढवितात. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात; एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते, एवढेच.

असे असूनही संगणकीकरणात मनोरुग्णसेवा मागेच राहिली. अमेरिकेने २००९ साली कायदा करून आरोग्यनोंदी संगणकावर आणण्यासाठी रुग्णालयांना आणि डॉक्टरांना भरघोस अनुदाने दिली. त्यांतून मनोरुग्णालये, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते वगळले गेले. श्रीमंत देशही मनाच्या आजारांना असाच सावत्रभाव दाखवितात!

आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा कार्यक्रम १९९६ साली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत, निरनिराळ्या विकारांनी ग्रासलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना असल्याचे आढळले. जे उपचारापर्यंत पोचतात त्यांचीही साखळी तुटते. कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोचविण्याच्या कार्यासाठी. आता असा रुग्ण दूरच्या एखाद्या खेड्यात पोचला, की महिन्या-दोन महिन्यांनी त्याला गोळ्या कोण देणार आणि कशाच्या आधारे? तेथील डॉक्टरला आधीचे निदान, औषधे आणि मात्रा दिसल्या, तर परतलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येण्याचा धोका निश्चितच कमी होईल. कर्नाटकात निम्हान्सच्या सहभागाने 'ई-मानस' ही प्रणाली उभी राहिली आहे. महाराष्ट्राने तिचा अभ्यास करावा.

मात्र या नोंदींविषयी लोकांच्या मनात जी धास्ती आहे, ती अज्ञानातून आलेली म्हणून झटकून टाकता येणार नाही. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, शेजाऱ्यांची कुजबुज हे सारे तिच्यामागे आहे. त्याच फिनलंडमध्ये 'वास्तामो' या मानसोपचार कंपनीच्या संगणकातून हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या. २०२० साली चोराने कंपनीकडे खंडणी मागितली आणि पुढे एकेका रुग्णाला पत्रे धाडली. डॉक्टरपाशी बोललेले गुपित बाजारात मांडण्याची धमकी! कंपनी बुडाली, आरोपीला २०२४ साली शिक्षा झाली. रुग्णांची गेलेली अब्रू कोणते न्यायालय परत देणार? तेथे मुळात कुलूपच धड नव्हते.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबत जागरूक आहे. गोपनीयतेचा हक्क संगणकीय माहितीलाही लागू आहे, असे कलम २४ स्पष्टपणे सांगते. कलम २५ रुग्णाला स्वतःच्या मूलभूत नोंदी पाहण्याचा अधिकार देते. उलट, २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, अधिक नाजूक वर्ग ठेवलेलाच नाही. ही उणीव प्रणाली आखणाऱ्यांनी भरून काढली पाहिजे. औषधांची यादी आणि धोक्याच्या सूचना प्रत्येक उपचारक डॉक्टरला दिसाव्यात. समुपदेशनातील कबुल्या फक्त त्या समुपदेशकालाच. नोंद कोणी, केव्हा उघडली, हे रुग्णाला कळावे. व्यसनमुक्ती केंद्रांनाही हाच नियम असावा, कारण नोकरी जाण्याचे भय तेथे सर्वाधिक.

राहता राहिला संमतीचा प्रश्न. देशातील आयुष्मान भारत डिजिटल मिशनची मांडणी रुग्णाच्या संमतीवर उभी आहे. आणि उन्मादाच्या अवस्थेत संमती द्यायची कोणी? याचे उत्तर २०१७ च्या कायद्यातच आहे. शुद्धीत असताना माणूस आपल्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवू शकतो. आणि मंडळाकडे नोंदविलेल्या अशा निर्देशांची संगणकीय नोंदवही ठेवणे मंडळाला बंधनकारक आहे. ही नोंदवही आणि रुग्णाचा संगणकीय केसपेपर एकमेकांना जोडले, तर मध्यरात्री रुग्णालयात आणलेल्या माणसासमोर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला, याच्या वतीने कोणाला विचारायचे आणि याला कोणते औषध नको आहे, या दोन्ही गोष्टी कळू शकतील.