विद्यापीठातली तीन दारं

बारावीचा निकाल लागला की घरोघरी चौकशी सुरू होते. मुलीला पुढे शिकायला कुठे पाठवायचं? हॉस्टेल मिळेल का? मेसचा खर्च किती? एसटीचा पास निघेल का? हे सगळं आपण विचारतो. एक प्रश्न मात्र राहून जातो. तिथे तिला कोणी त्रास दिला, काही अडचण आली, तर ती कोणाकडे जाईल?

आज हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. "घरी कळलं तर शिक्षण बंद करतील," या भीतीनं कितीतरी मुली तोंड उघडत नाहीत. घरच्यांनाही मुलीला परत आणण्यापलीकडे दुसरी वाट माहीत नसते. मग त्रास देणारा तिथेच राहतो आणि शिक्षण सुटतं ते मुलीचं. असं होऊ नये म्हणून विद्यापीठात मुलींसाठी जी दारं आहेत, ती आज ओळखून घेऊ या. दारं तीन आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिलं दार स्त्री अभ्यास केंद्राचं. बायकांचं जगणं, त्यांचं काम, त्यांचे हक्क यांचा अभ्यास विद्यापीठात व्हायला हवा, या विचारातून मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४ साली असं केंद्र सुरू झालं. नीरा देसाई यांनी त्यात पुढाकार घेतला होता. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, ठिकठिकाणच्या केंद्रांना मदत द्यायला सुरुवात केली. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ पासूनचं. ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालतं. शर्मिला रेगे यांनी तिथे अनेक वर्षं काम केलं आणि दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना अभ्यासात मानाची जागा दिली. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या केंद्राला ताराबाई शिंदे यांचं नाव आहे. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या त्याच ताराबाई.

अशा केंद्रात अभ्यासक्रम असतात, पुस्तकं असतात, व्याख्यानं आणि चर्चा होतात. मुलगेही तिथे शिकू शकतात. खेड्यातून आलेल्या मुलीला आपला प्रश्न एकटीचा नाही, हे अशा ठिकाणी पहिल्यांदा कळतं. पण लक्षात ठेवा, हे शिकण्याचं दार आहे. इथल्या बाई तुमचं ऐकतील, वाट दाखवतील, पण औपचारिक तक्रार इथे नोंदवली जात नाही.

दुसरं दार महिला विकास कक्षाचं. बऱ्याच कॉलेजांत असा कक्ष असतो. आरोग्य तपासणी, स्वसंरक्षणाचे वर्ग, कायद्याची माहिती, समुपदेशन असे कार्यक्रम तो घेतो. सगळीकडे तो सारखाच जागा असतो असं नाही. तरी तिथल्या प्राध्यापक बाईंची ओळख करून घ्यावी. हॉस्टेल, स्वच्छतागृह, संध्याकाळची बस या अडचणी चारचौघींनी मिळून तिथे लेखी द्याव्यात.

शिकता शिकता लग्न झालेल्या मुलींसाठीही एक माहिती सांगतो. बाळंतपणामुळे वर्ष वाया जाऊ नये म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीनं विद्यापीठांना पत्र पाठवलं. पदवी आणि पदव्युत्तर वर्गातल्या मुलींना प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत देण्यासाठी नियम करा, असं त्यात सांगितलं आहे. पीएचडी करणाऱ्या स्त्रीला तर २०२२ च्या नियमांप्रमाणे २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. तेव्हा सुनेचं नाव कॉलेजातून काढण्याआधी लेखी अर्ज करून विचारा.

तिसरं दार सगळ्यांत महत्त्वाचं. ते अंतर्गत तक्रार समितीचं. मुली तिला 'आयसीसी' म्हणतात. या समितीमागे एका खेड्यातल्या बाईची लढाई आहे. राजस्थानात भंवरीदेवी बालविवाह थांबवण्याचं सरकारी काम करत होत्या. त्याचा राग धरून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये 'विशाखा' निकाल आला. २०१३ मध्ये कायदा झाला. मग यूजीसीनं विद्यार्थिनींसाठी '२०१५ चे विनियम' केले. विद्यापीठात आणि कॉलेजात ही समिती असणं बंधनकारक आहे. नियम न पाळणाऱ्या संस्थेवर यूजीसी कारवाई करू शकते.

समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापक स्त्री असते. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. बाहेरच्या सामाजिक संस्थेची एक व्यक्ती असते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकाऱ्यांना मात्र समितीत बसता येत नाही. दबाव येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

तक्रार कशाची करता येते? नको असताना अंगाला हात लावणं, अश्लील बोलणं, घाणेरडे मेसेज किंवा फोटो पाठवणं, "मार्क हवे असतील तर माझं ऐक" असं सुचवणं, हे सगळं लैंगिक छळात येतं. वर्गाबाहेर, सहलीत, शिबिरात, इंटर्नशिपच्या जागी, कॉलेजच्या बसमध्ये घडलं तरीही समिती दखल घेते.

आता मुदतीकडे नीट लक्ष द्या. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. त्रास पुन्हा पुन्हा झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजायचे. उशिराला सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. तक्रार आल्यावर ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. नावं गुप्त ठेवायची असतात.

चौकशी चालू असतानाही मुलीला संरक्षण मागता येतं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, त्या सरांना तिचे पेपर तपासू देऊ नका, त्यांना तिच्यापासून लांब राहायला सांगा, अशी शिफारस समिती करू शकते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते. मुलींना सगळ्यात मोठी धास्ती मार्कांचीच असते, म्हणून हे त्यांना जरूर सांगा. आणखी एक. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

पुरावा जपायला शिकवा. रागाच्या भरात मेसेज पुसायचे नाहीत. स्क्रीनशॉट काढून एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडेही ठेवायचे. तारीख, वेळ, जागा, जवळ कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहायचं.

समितीकडे गेलं म्हणून पोलिसांचं दार बंद होत नाही. गुन्हा गंभीर असेल तर थेट ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागू होतो आणि १०९८ वर मदत मिळते. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही.

आता आयांना आमची एक विनंती. ॲडमिशनच्या दिवशी फीची पावती घेतलीत, की ऑफिसात विचारा, "आयसीसीचा बोर्ड कुठे लावलाय?" समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मुलीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घ्या. बोर्ड नसेल तर प्राचार्यांना विचारा. तुम्ही विचारलंत, की ऑफिसलाही कळतं, इथे विचारणारं कोणी आहे.

आणि एसटीत बसवताना मुलीला सांगा, "काही झालं तर आधी मला सांग. मी तुझं शिक्षण थांबवणार नाही." विद्यापीठातली तिन्ही दारं असली, तरी ती ठोठावायचं बळ तिला या एका वाक्यानं येतं.