लोहाची गोळी : कधी आणि कशाबरोबर?

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ (२०१८) योजनेत किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. रोज घेतली तर सातपट फायदा होईल का? नाही. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली, की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक सोडते आणि आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट सुमारे एक दिवस अडते. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांना लागोपाठ गोळ्या दिल्यावर दुसऱ्या दिवशीचे लोह कमी शोषले गेल्याचे झुरिचच्या संशोधकांना २०१५ साली आढळले. तेव्हा चुकलेली गोळी भरून काढायला एकदम दोन घेऊ नयेत. रक्तक्षयावर डॉक्टरांनी रोजची गोळी दिली असेल, तर ती मात्र सोडू नये.

रिकाम्या पोटी लोह जास्त शोषले जाते, हे खरे. पण मळमळते म्हणून गोळी गटारात जाण्यापेक्षा जेवणानंतर घेतलेली बरी, असे आम्हाला वाटते. सोबत लिंबू किंवा पेरूची फोड असावी. चहा तासा-दोन तासांनी, कारण त्यातील टॅनिने लोहाला बांधून ठेवतात. शौचाला काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे. मुली घाबरतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी वर्गात सांगून टाकावे.