एकही नाव पानाबाहेर राहू नये म्हणून



मागच्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातील एका भिल्ल वस्तीत जातीच्या दाखल्यांसाठी शिबिर होते. कुटुंबांची यादी मी आमच्या संगणकावर टाइप केली. ती ३ पानांत नीट बसली होती. पेन ड्राइव्ह घेऊन तालुक्याच्या गावी छापायला गेलो, तर तीच यादी ४ पानांची झाली! शेवटच्या पानावर एकच कुटुंब उरले. पानांवर क्रमांक घातलेले नव्हते. घाईत पिना मारताना नेमके तेच पान मागे राहिले. चूक माझीच होती. त्या घरातील मुलीला वसतिगृहाच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. तो तिला इतरांपेक्षा दोन महिने उशिरा मिळाला.

तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतला. मंडळीच्या वार्षिक अहवालात, उपासनेच्या पत्रिकेतही हीच अडचण येते, म्हणून येथे लिहितो.

असे का होते?

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल १९२४ साली छापून झाले. त्यासाठी तेथील स्त्रियांनी व मुलींनी शिशाचे खिळे हाताने जुळवले होते. खिळे जुळवून बांधलेले पान कितीही प्रती काढल्या तरी हलत नसे. संगणकातील पान तसे बांधलेले नसते. फाईलमध्ये फक्त मजकूर आणि सूचना असतात. ती उघडली की प्रत्येक संगणक आपल्याकडच्या अक्षरांनी पाने नव्याने मांडतो. म्हणून घरी नीट दिसलेले पान दुकानात सरकते. यावर उपाय एकच : रिकाम्या जागा भरून पान जुळवू नका, संगणकाला स्पष्ट सूचना द्या.

१. फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केले, तर मराठी मराठीच राहते. पण मंगल, निर्मला, नोटो यांच्या अक्षरांची उंची-रुंदी वेगळी आहे. एकाच्या जागी दुसरा फॉन्ट आला की ओळी वाढतात आणि पाने बदलतात.

२. कागद. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच असतो, लेटर २७९. अनेक संगणकांत आधीपासून लेटर ठरवलेला असतो. लीगल याहून बराच लांब, ३५६ मिलिमीटर. टाइप करण्याआधी ज्या कागदावर छापायचे तो आकार ‘पेज सेटअप’मध्ये निवडा.

३. एंटर. नवे पान सुरू करण्यासाठी आपण दहा-बारा वेळा एंटर दाबतो. वर एक ओळ वाढली की खालचे सारे घसरते. त्याऐवजी कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. याला पेज ब्रेक म्हणतात. जुन्या फाईलमध्ये घोटाळा कुठे आहे हे पाहायला वर्डमध्ये ¶ हे चिन्ह दाबा, म्हणजे एंटर, स्पेस, पेज ब्रेक सगळे डोळ्यांना दिसते. शीर्षक एका पानावर व मजकूर पुढच्यावर जात असेल, तर शीर्षकाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा.

४. तक्ता. एका कुटुंबाची ओळ अर्धी या पानावर, अर्धी त्या पानावर जाऊ नये. तक्त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रो’ उघडून, ओळ दोन पानांत तुटू देण्याच्या पर्यायापुढची खूण काढा. पहिल्या ओळीला ‘रिपीट हेडर’ लावा, म्हणजे नाव, वय, गाव ही शीर्षके प्रत्येक पानावर येतात. तक्त्यानंतर कोरे पान येत असेल, तर तक्त्याखालच्या रिकाम्या ओळीच्या अक्षरांचा आकार १ करा.

५. वंशावळ. येथे सर्वांत जास्त जपावे. जातवैधतेच्या प्रस्तावात वंशावळ लागते, आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे असतात. आजोबांच्या नावाखालची रेघ सरकून त्यांच्या भावाच्या नावाखाली गेली, तर कागदावर नातेच बदलते. स्पेसबार दाबून नावे सरकवू नका. तक्ता घाला, एका चौकटीत एकच नाव लिहा, नको त्या रेघा पुसा. खाली तेच नाते शब्दांतही लिहा.

६. पान क्रमांक. नुसता ‘३’ पुरत नाही. ‘एकूण ४ पैकी पान ३’ असा क्रमांक घाला. शेवटचे पान हरवले तर पाहणाऱ्याला लगेच कळते. आमच्या यादीवर एवढे असते, तरी त्या मुलीचे दोन महिने वाचले असते.

७. पीडीएफ. सर्व तपासून झाले की फाईल पीडीएफ करा आणि दुकानात तीच न्या. वर्ड आणि फुकट मिळणारे लिबरऑफिस, दोन्हींत ही सोय आहे. पीडीएफ म्हणजे जणू खिळे जुळवून बांधलेले पान. ते सहसा हलत नाही. मूळ फाईल मात्र पुढच्या दुरुस्तीसाठी जपून ठेवा.

आणि छापल्यावर एक काम हातानेच करा. पाने मोजा, मग वस्तीतील कुटुंबे मोजा, आणि यादी तेथील एखाद्या जाणत्या माणसासमोर मोठ्याने वाचा. सुटलेले नाव त्याच्या कानाला आधी कळते.

आपल्या मंडळ्यांत संगणक शिकलेली पुष्कळ तरुण मुले-मुली आहेत. त्यांनी महिन्यातून एखादा शनिवार दिला, तर वस्तीवरचे कागद वेळेवर आणि बिनचूक जातील. देणगीइतकीच ही मदतही आम्हांला मोलाची आहे.

आपला बंधू,
जालना