श्रीशिल्लक : हिशेबनीसांच्या भक्तिपरंपरेचा एक आढावा

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एखाद्या सेवानिवृत्त लेखापालाचे निधनवृत्त येते, तेव्हा त्यात ‘धर्मपरायण’ आणि ‘कुटुंबवत्सल’ ही दोन विशेषणे ठरल्याप्रमाणे असतात; परंतु उभी हयात ज्याने दुसऱ्याच्या पैशाची पै न पै जपली त्याच्या त्या जपणुकीविषयी मात्र चकार शब्द नसतो, जणू कचेरीची खुर्ची सोडताक्षणीच त्याच्यातला हिशेबनीस निमाला आणि उरलेल्या वर्षांत त्याने टाळ वाजवले व नातवंडे खेळवली, एवढेच. उरणकडच्या जासईचे माझे मामा, ज्यांना सारा गाव तात्या म्हणे, ते निवर्तले तेव्हाही असेच छापून आले. छापलेले खोटे नव्हते, अर्धे होते. राहिलेले अर्धे सांगायचे तर थोडे मागे जाऊन, ज्या परंपरेत असा माणूस घडतो तिचा आढावा घेणे प्राप्त आहे.

मराठी भक्तिपरंपरेत जमाखर्चाला किती मानाचे स्थान आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या दफ्तरात बसून एका पैची चूक शोधता शोधता रात्र जागवणाऱ्या एकनाथांची कथा सर्वांना मुखोद्गत आहे. चूक सापडताच त्यांनी हर्षभराने टाळी पिटली, आणि एवढ्याशा चुकीच्या शोधात इतका आनंद, तर संसाराच्या हिशेबातली मोठी चूक हाती लागेल तेव्हा केवढा होईल, असे गुरूंनी म्हटले. कीर्तनकार या उद्गारापाशी थांबतात आणि टाळमृदंग सुरू होतो. मला मात्र नेहमी असे वाटत आले आहे की, जो पैसाठी जागरण करीत नाही त्याला हा उपदेश करण्यात स्वामींनाही काही स्वारस्य वाटले नसते. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे तर सर्वश्रुतच. परंतु बुडवण्यापूर्वी धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची अर्धी खते त्यांनी वेगळी काढून त्याच्या स्वाधीन केली, हे परंपरेने राखलेले बारीक कलम फार थोड्यांच्या लक्षात राहते. वैराग्य झाले तरी ते स्वतःच्या हिश्शापुरते, भावाचा हिस्सा त्यात धरण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढा विवेक त्या ऐन विरक्तीच्या क्षणीही शाबूत होता. आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या आख्यानात तर साक्षात विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी जातो, दुष्काळात लुटवलेल्या धान्याची रक्कम भरतो, आणि रीतसर रसीद घेतल्यावाचून परतत नाही. देवालाही जेथे सरकारी पावतीची गरज भासली तेथे तुम्हाआम्हांची काय कथा!

ही आख्याने ज्याने ओवीबद्ध करून खेडोपाडी पोहोचवली तो महीपती (१७१५–१७९०) स्वतःच वतनी हिशेबनीस होता. आजच्या राहुरी तालुक्यातील ताहाराबाद हे त्याचे गाव, कुलकर्णीपण ही त्याची वृत्ती, आणि पंढरीची वारी हा वडिलांपासून चालत आलेला नेम. आख्यायिका अशी की, तो पूजेस बसला असता जहागीरदाराचा शिपाई त्यास बोलावण्यास आला. पूजा आटोपून येतो असे सांगताच शिपायाने अपशब्द वापरले. महीपती कचेरीत गेला, अंगावरचे काम त्याने पुरे करून दिले, आणि मग घरी येऊन लेखणी विठ्ठलापुढे ठेवली व यापुढे आपण वा आपल्या वंशजांनी ती सरकारचाकरीसाठी उचलू नये अशी शपथ वाहिली. संतापाच्या भरात काम अर्धे टाकून तो उठला नाही, ही गोष्ट मला शपथेइतकीच महत्त्वाची वाटते. त्यानंतर तीच लेखणी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ आणि १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ लिहिण्यास उपयोगी पडली. नोकरी सुटली तरी हाताची सवय सुटत नाही, हे त्या ग्रंथांवरून दिसते: आपण पदरचे काही घातलेले नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार घेतला आहे, असे तो आरंभी नमूद करतो. कोणती रक्कम कोणाकडून जमा झाली ते आधी लिहायचे, हा कुलकर्ण्याचा धर्म त्याने संतचरित्रातही पाळला.

लेखणीचा हा वारसा सर्वत्र असा निर्मळ होता, असे मात्र कोणी समजू नये. ज्याच्या हाती वही त्याच्या हाती गाव, ही स्थिती कोकणाने पुष्कळ भोगली. कुळाबा जिल्ह्यात खोतांच्या वहीत कुळाची बाकी कधी फिटतच नसे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसता पडीत ठेवल्या, त्या लढ्याच्या मुळाशी हाच खोतीचा जाच होता. कुलकर्णी वतने १ मे १९५१ रोजी कायद्याने संपुष्टात आली, तलाठी पगारी नोकर झाला, दफ्तर सरकारजमा झाले. तथापि अक्षरशत्रू माणसाची वहीसमोरची अगतिकता एका कायद्याने थोडीच जाते?

तात्यांचे वडील मिठागरावर मजुरी करीत. खारेपाटातल्या त्या पांढऱ्या ढिगांमध्ये अनवाणी उभे राहून हंगामाच्या अखेरीस ते मुनिमाच्या वहीत अंगठा उठवीत, आणि त्या अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे ते त्यांना कळत नसे. अंगठ्यावरचे वाचता यावे, एवढ्याच हेतूने त्यांनी पोराला शाळेत घातले. पोराने पुढे मुंबईतल्या एका गोदीच्या कचेरीत हिशेबखात्यात नोकरी धरली. पहाटे एस.टी.ने मोरा बंदर, तेथून लाँचने भाऊचा धक्का, संध्याकाळी उलट्या क्रमाने घर, असा त्यांचा क्रम होता. लाँचमध्ये हरिपाठ म्हणावयाचा आणि धक्क्याला लागण्यापूर्वी तो पुरा करावयाचा, हा दंडक. भरतीमुळे वेळ लांबली तर एखादा अभंग अधिक. लवकर लागली तर उरलेला पाठ धक्क्यावर उभे राहून.

दिवाळीत पाडव्याला ते स्वतःच्या घरखर्चाची नवी वही पूजीत. लाल कापडी पुठ्ठ्याची ती लांबट वही. पहिल्या पानावर हळदकुंकवाची बोटे, मध्यभागी ‘श्री’, त्याखाली ‘श्रीविठ्ठल प्रसन्न’, आणि मग डाव्या हाताला मागल्या वर्षाची श्रीशिल्लक. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मामींच्या चपला, देवाचे तेल, धाकटीची शाळेची फी, म्हाताऱ्याची तंबाखू, सारे एकाच वळणदार अक्षरात. मी एकदा विचारले, “मामा, तंबाखूसुद्धा लिहायची?” ते म्हणाले, “बापाची तंबाखू लपवायची कशाला? तो काय चोरून खातो?” कुटुंबवात्सल्याचे याहून मोठे लिखित प्रमाण मला ठाऊक नाही.

या वह्यांतले एक पान मी अनेकांना दाखवले आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी पनवेल-उरण-ठाण्याच्या पट्ट्यातील भातशेती व मिठागरे संपादनाखाली आली, आणि मोबदल्याच्या प्रश्नावर पेटलेल्या आंदोलनाचे शिखर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-पागोटे परिसरात गाठले गेले. नेते होते याच जासईत १३ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले दि. बा. पाटील, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. तो इतिहास अनेकांनी लिहिला आहे, भाषणांतून तर दरवर्षी ऐकतो. तात्यांच्या वहीत १६ तारखेला तांदूळ, चहापूड, साखर, ‘पाहुणे’ एवढेच आहे, आणि १७ तारखेला कापूस, पट्टी, टिंक्चर. भाष्य नाही, उद्गारचिन्ह नाही. बेरीज मात्र दोन्ही दिवशी बिनचूक.

त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले, आणि १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. गावात पैसा आला, त्यामागोमाग कागद आले. निवाड्याच्या नोटिसा, सातबाराचे उतारे, वारसनोंदी, हक्कसोडपत्रे यांचे गठ्ठे घेऊन लोक निवृत्त तात्यांच्या ओटीवर येऊ लागले, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे खरे काम येथे सुरू झाले. वाटपाचा तक्ता मांडताना त्यांची एक रीत होती: पहिल्या ओळीत बहिणी, मग भाऊ. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला होता, १९९४ मध्ये महाराष्ट्राने तिला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २००५ मध्ये ते साऱ्या देशाने स्वीकारले. पण साडीचोळी देऊन बहिणीची सही घेण्याचा रिवाज त्याहून जुना आणि बळकट. “बहीण सोडील तर तिच्या खुशीने सोडील, पण किती सोडते आहे, ते आकड्यात तिला कळले पाहिजे,” असे ते म्हणत. आकडा कळल्यावर काहींनी सोडले, काहींनी सोडले नाही. दोन-चार घरांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. तात्यांनी स्वतःच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या आईचा, वाटा सर्वांआधी मांडला होता, म्हणून उघड तोंड कोणाला काढता आले नाही, इतकेच.

देवाच्या कामातही तीच रीत. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी त्यांच्याकडे असे. वीणेच्या पहाऱ्याला ते रात्री दोनची वेळ मागून घेत, आणि काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसादाच्या पंगती बसण्यापूर्वी उभे राहून सात दिवसांचा जमाखर्च वाचून दाखवीत, नारळाच्या दरासकट. भुकेलेली मंडळी चुळबुळ करीत, तरुण हसत. त्यांना त्याची पर्वा नव्हती. त्यांच्यामागे हे वाचन बंद पडले; सप्ताहाचा मंडप मोठा झाला, ध्वनिक्षेपक वाढले, देणगीदारांचे फलक झळकले, आणि हिशेब ‘समितीकडे उपलब्ध’ झाला. भक्ती वाढली की कमी झाली ते पांडुरंग जाणे. परंतु जो समाज देवाच्या पैशाचा हिशेब ऐकण्याइतका वेळ भूक आवरू शकत नाही त्याच्या उत्सवांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

पेशवाईचा कारभार समजून घेण्यास आज नाना फडणिसांचे मेणवली दफ्तर आपल्याला उपयोगी पडते, कारण कोणी तरी ते रद्दीत घातले नाही. जासई, उरण, पनवेल या पट्ट्यातील भातशेतीचा, मिठागरांचा आणि भूसंपादनाचा घराघरांतला इतिहास अशाच लाल वह्यांत आहे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही भंगारवाल्याच्या तराजूत जात आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर वडिलांची, आजोबांची रोजकीर्द पडून असेल त्यांनी या पाडव्याला ती खाली काढावी, पाने मोबाइलवर टिपून ठेवावीत, पुठ्ठ्यावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्षे घालावीत, आणि मूळ वही घरी सांभाळणे शक्य नसेल तर ती जवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन करून त्याची पोच घ्यावी.